कानातलं काढणारी

आमच्या गल्लीत दिवस उजाडायच्या सुमाराला माझ्या दाराची कडी वाजली, की कोण आहे ते मी विचारत नाही. आधी फळीवरची डबी उचलते. डबीत साबणाचा तुकडा, खोबरेल तेलाची लहान बाटली, जाड दोरा, कापूस आणि भुवया कोरायचा चिमटा असतो. दार उघडलं की समोरची बाई माझ्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघते. "या जरा," एवढंच म्हणते. मी चपला पायात सरकवते आणि तिच्या मागे निघते.

घरातली एखादी बाई वारली की तिच्या अंगावरचं काढावं लागतं. बांगड्या निघतात, जोडवी साबणाने निघतात, गळ्यातलं तर कुणालाही काढता येतं. अडतं ते कानातलं. तिथे घरच्यांचे हात थांबतात. कुणी म्हणतं ओढा, कुणी म्हणतं कापा, आणि मग एखादीला मी आठवते. आमच्या गल्लीत बौद्धांची घरं आहेत, मुसलमानांची आहेत, चार-दोन इतरही आहेत. बाकी सगळ्या गोष्टींत ज्याचं त्याचं वेगळं, पण या कामाला सगळ्यांची मीच.

हे शिकले ती शहागंजच्या बाजारात. तिथल्या एका कटलरीच्या दुकानात मी बावीस वर्षं काउंटरवर उभी आहे. टिकल्या, पिना, बक्कल, नेलपॉलिश आणि भिंतभर कानातली. मालक म्हातारे, आम्ही सगळ्या त्यांना चाचा म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर ताटभर कानातली ओतली आणि म्हणाले, "सामने का तो सब देखते, बेटी. तू पीछे का देख." मग डोळे मिटून नुसत्या बोटांनी ओळखायला लावलं. आकड्याचं असेल तर ते वाकडं वर उचलून घ्यायचं, सरळ ओढलं तर भोक फाटतं. दाबाची फिरकी असेल तर मागून सरळ खेचायची. बाळीचं एक टोक दुसऱ्या टोकाच्या नळीत शिरलेलं असतं, ते शोधून बाळी बाजूला ताणायची, बाहेर नाही. खटक्याच्या रिंगेला नखाने खालून उचललं की ती आपण होऊन तोंड उघडते. मुसलमानांच्या लग्नातल्या जड झुमक्यांना सहारा असतो, म्हणजे केसांत अडकवायची साखळी. आधी ती सोडायची, नाहीतर सगळं वजन एका पाळीवर येतं. आणि सगळ्यांत हट्टी पेचाची फिरकी. तिला आटे असतात. ती ओढून निघत नाही, फिरवूनच निघते, आणि वीस-तीस वर्षं कुणी फिरवलीच नाही तर तेल, साबण, घाम आणि मळ यांनी जागेवर जाम होते.

पहिली वेळ आली ती समोरच्या घरातली म्हातारी गेली तेव्हा. तिच्या कानांत कुड्या होत्या, जुन्या पद्धतीच्या, मोत्यांचा गुच्छ पुढे आणि मागे पेच. तिचा मुलगा पक्कड घेऊन आला. मला राहवलं नाही. "आईच्या कानाला पक्कड लावतोस?" म्हणून मी त्याच्यावर खेकसले आणि त्याला बाहेर काढलं. तेल सोडलं, थोडं थांबले, फिरकीभोवती दोऱ्याचे चार वेढे घेतले म्हणजे बोट घसरत नाही, आणि हळूहळू फिरवली. निघाली. जमलेल्या बायका म्हणाल्या, "बाई, काय हात हाय तुझा!" खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे कळायला मला वर्ष लागलं.

वर्षभरात सहा-सात वेळा बोलावणं आलं. मग एकदा शेजारची एक बाई कावीळ होऊन पडली होती, म्हणून मी मुगाची पातळ खिचडी घेऊन गेले. दारात तिची सून आडवी आली. डबा हातातून घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अजून येळ हाय, मावशी." तिच्या खांद्यावरून मला आतली खाट दिसली. खाटेवरच्या बाईने मला बघितलं होतं. तिने दोन्ही हातांनी दोन्ही कान झाकून घेतले होते.

ती बाई त्याच आठवड्यात गेली. मला बोलावलं, मी गेले, काढलं. त्यानंतर मात्र आजाऱ्याला भेटायला जायचं नाही म्हणून मी कानाला खडा लावला. गल्लीतल्या पोरी दुकानात आल्या तरी कानातलं घालून बघताना माझा हात पुढे झाला की म्हणायच्या, "राहू द्या, मी घालते." कुणाला साधा ताप आला तरी मी त्या घरावरून जाताना मान खाली घालून जायचे, न जाणो खिडकीतून बघतील. त्यातून एखादी गेलीच, तर त्या आधी मी कधी तिच्या दारावरून गेले होते ते बायका बोटांवर मोजायच्या. आणि मी मनातल्या मनात त्यांच्या आधी मोजून ठेवलेलं असायचं.

आमच्या घरात आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून शकुन-अपशकुन बंद. मांजर आडवं गेलं तर दादा, म्हणजे आमचे वडील, मुद्दाम थांबून त्याला बिस्किट टाकायचे. अक्का माझी मोठी बहीण. हर्सूलला राहायची. तिने तर गल्लीतलं हे सगळं ऐकून पोट धरून हसून घेतलं होतं. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! तू कशाला मनाला लावून घेतीस?" म्हणाली होती. माझा भाचा चितेगावला कंपनीत जायचा, अक्काची सून घरी असायची, आणि रविवारी मी अक्काकडे जेवायला. त्या एका घरात माझ्या हातांकडे कुणी बघत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी अक्काने चहा कपाच्या बाजूला ओतला. बशीतसुद्धा नाही, सरळ ओट्यावर. कप भरला असं समजून तिने तो मोकळा कप माझ्या हातात दिला. मी हसले. मग पंख्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो चमचा जरा कमी कर." मी परत हसले. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पुढच्या रविवारी तिचं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारीही. डावा हात जड झाला होता, भाकरी थापताना ती एकीकडे जाड होत होती. आणि मी आत गेले की ती पदर डोक्यावरून घेऊन कानांपर्यंत ओढायला लागली. थंडी वाजत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ऑक्टोबरच्या उन्हात कुठली थंडी!

डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितला. तारीख मिळाली. मी दुकानातून फोन केला तर भाचा म्हणाला, झालं नाही. पुढची तारीख मिळाली, तेव्हाही झालं नाही. तिसऱ्यांदा फोन केला तर तो विषय टाळायला लागला. मी आवाज चढवला तेव्हा त्याने सांगितलं, "मावशी, आईच्या कानातले टॉप्स निघत नाहीत. अंगावर काहीच धातू चालत नाही म्हणतात. दोनदा परत पाठवलं."

"मग मला का नाही बोलावलं?"

"आई म्हणली, तुला सांगायचं नाय."

मी दुकानातून तशीच निघाले, वाटेत घरून डबी उचलली. रिक्षात माझे हात मांडीवर पडलेले होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. दोन तारखा गेल्या होत्या, म्हणजे तीन आठवडे. डोक्यात काय वाढत होतं ते कुणाला माहीत नव्हतं, पण ते तारखांसाठी थांबणार नव्हतं एवढं मलाही कळत होतं.

अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिला न विचारता पदर बाजूला केला. दोन्ही पाळ्या सुजून लाल झाल्या होत्या, एकीवर रक्त वाळलं होतं. सुनेने बिचारीने जोर लावला होता. टॉप्स अक्काच्या लग्नातले, मायने करून घेतलेले, मधोमध लाल खडा आणि मागे पेच. मी वाकून मागून बघितलं. फिरकीच्या भोवती काचेसारखं काही तरी चमकत होतं. मळ चमकत नाही. दुकानात रोज हाताळते मी ते. पाच रुपयांच्या ट्यूबमधला, क्षणात चिकटणारा गोंद होता तो.

"हे कुणी लावलं?"

"मीच."

"कधी?"

"झालं दीड वर्ष. तू कुणा म्हातारीचं काढून सरळ इकडंच आलतीस, जेवाया. माझ्या ताटात भाकर वाढलीस. त्या दिवशी."

"पण कशाला?"

तिने पदर परत कानांवर ओढला. मग भिंतीलाच सांगावं तसं म्हणाली, "तुझ्या हाताला निघू नये म्हणून."

आजाऱ्यावर ओरडू नये हे मला कळत होतं. तरी ओरडले. आपण हे मानतो का, दादा असते तर काय म्हणाले असते, तुझ्या या खुळापायी तीन आठवडे गेले, गल्लीतल्या बायका परवडल्या, त्या निदान तोंडावर दार तरी लावतात. जे तोंडाला आलं ते बोलले. अक्का ऐकून घेत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, "दादा मानत नव्हते. मी बी मानत नाय. पण भ्या वाटतंय. दोन्ही येगळं असतंय, बाई."

मी डबी उघडायला लागले तशी ती उठून बसली. दोन्ही तळवे कानांवर. त्या कावीळ झालेल्या बाईने ठेवले होते अगदी तसेच. मी डबी बंद केली.

शेवटी तडजोड झाली ती अशी. मी खोलीच्या दारात उभं राहायचं, उंबऱ्याच्या आत यायचं नाही, आणि सुनेने माझं ऐकून काढायचं. नेलपॉलिश काढायचं पातळ औषध मी कोपऱ्यावरून आणवलं, गोंद त्याने मऊ पडतो. पाळीला लागू नये म्हणून मागे तेलाचा कापूस धरायला सांगितला. काडीला कापूस गुंडाळून थेंब थेंब फिरकीवर सोडायला लावलं. पंधरा मिनिटं ते तसंच भिजू दिलं. औषधाचा तिखट वास घरभर भरला होता.

"आता दोऱ्याचे वेढे घे. पुढचं फूल चिमटीत घट्ट धर. मागची फिरकी फिरव."

"फिरत नाय, मावशी."

"कुठून बघायलीस?"

"समोरून."

तिथेच सगळी गोम होती. समोरून बघून ती डावीकडे फिरवत होती, म्हणजे मागून फिरकी आवळतच होती. दोनदा, तीन आठवडे, ती पोरगी सासूचा कान आवळत बसली होती. "मागं जाऊन बस," मी सांगितलं, "तिच्या पाठीशी. आता मागून बघ आणि घड्याळाच्या उलटं फिरव. जोर नको." अक्काच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. मी दाराची चौकट घट्ट धरून ठेवली. मग सून म्हणाली, "सुटली."

एमआरआय झाला. रिपोर्ट घेऊन भाचा आला तेव्हा त्याने तो पाकिटातून काढलाच नाही. मेंदूत गाठ होती, मोठी होती, आणि जिथे होती तिथे हात घालता येत नाही म्हणाले. पुण्याला दाखवलं, तिथेही तेच. तीन आठवडे आधी कळलं असतं तर फरक पडला असता का, असं मी डॉक्टरांना एकटीने गाठून विचारलं. नाही म्हणाले. ते खरं बोलले की माझी समजूत घातली, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

अक्काने टॉप्स सुनेकडून परत घालून घेतले. गोंद लावला नाही. मी रोज दुकान सुटलं की हर्सूलला जायला लागले. पायांशी बसायचे, तळपायाला तेल चोळायचे, उशाकडे जायचे नाही. ती पदर कानांवर ओढून घ्यायची आणि मी न बघितल्यासारखं करायचे. बोलताना तिचे शब्द सटकायचे. पाण्याला ती चादर म्हणायची, मला कधी माय म्हणायची. घरात सगळे कुजबुजत बोलायचे. तिचा पदर रोज थोडा जास्त ओढलेला असायचा आणि त्याखालचा चेहरा रोज थोडा लहान. एकदा माझ्या घरी फळीवर हात गेला तेव्हा डबीतलं तेल संपत आल्याचं दिसलं. ते भरून ठेवावं असं मनात आलं, आणि त्या विचाराची मला इतकी शिसारी आली की होतं तेवढं तेलही मी मोरीत ओतून टाकलं.

फेब्रुवारीतली दुपार होती. दुकानाला सुट्टी होती म्हणून मी लवकर गेले होते. सून धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली होती. अक्का जागी होती आणि त्या दिवशी तिची नजर स्वच्छ होती.

"दार लोट," म्हणाली.

मी लोटलं.

"हिकडं ये. उशाला."

मी गेले. तिने उजव्या हाताने पदर मागे टाकला. "काढ."

"काय?"

"कानातलं. दुसरं काय काढतीस तू?"

"सुनेला हाक मारते."

"तिला कशाला? तू काढ."

"अक्का, उगाच काहीतरी बोलू नको. मी नाही काढणार."

"मग कवा काढणार? मी गार पडल्यावर?" ती थांबत थांबत बोलत होती, पण एकही शब्द चुकत नव्हता. "तवा तू डबी घेऊन येशील. बाया तुला वाट देतील. तू खाली मान घालून तेल सोडशील, दोरा गुंडाळशील, समदं नीट करशील. अन् रडायचं राहून जाईल तुझं. माय गेली तवा बी तू रडली नाहीस. तिच्या बाळीचं टोक शोधीत बसलीस. मी बघितलंय."

ते खरं होतं. रडायला लागलं की बोटं घसरतात.

"माझ्या मयतीला तू बहीण म्हणून ये," अक्का म्हणाली. "काम करायला नको येऊस. काढ आत्ता. मी जिती हाय तोवर मला कळू दे तुझा हात कसा लागतोय."

मी तिला उठवून बसवलं आणि तिच्या पाठीशी बसले. डबी घरी होती, ती लागलीही नाही. डाव्या हाताने फूल धरलं, उजव्या हाताने फिरकी. पाळी ऊबदार होती, सूज कधीच उतरली होती. मी कान धरला तशी तिची मान थोडी माझ्या बाजूला आली. पेच सहज फिरला. एक निघाला, मग दुसरा. दोन्ही मी तिच्या तळहातावर ठेवले आणि तिची मूठ मिटली. ती डोळे मिटून बसली होती.

"हात गरम हाय की गं तुझा," ती म्हणाली. "मला वाटायचं गार असंल."

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी अक्का गेली. भाच्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. पोचले तोवर तिच्या गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. माझं नाव तिथवर गेलेलं होतंच. त्यांनी मला वाट करून दिली आणि त्यांच्यातली एक म्हातारी हळूच म्हणाली, "आली बाई. आता कानातलं काढून घ्या." सगळ्यांची नजर माझ्या हातांवर आली. मग एकीने अक्काच्या चेहऱ्यावरचा पदर सरकवला. कान मोकळे होते.

मी उशाशी जाऊन बसले. करण्यासारखं काहीच नव्हतं, हात कुठे ठेवावेत तेही कळेना. शेवटी मी ते तिच्या गळ्यात टाकले आणि तिच्या बहिणीने रडावं तसं मोठ्याने रडले.